करार दिल्लीत, भाव हिंगणघाटात
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

मुक्त व्यापार करारांवर आलेल्या पत्रांपैकी सात या अंकात घेतली आहेत. कापूस बाजार, आयात-निर्यात आणि कामगार कायदा या विषयांत काम करणाऱ्यांनी उत्तरे लिहिली आहेत.

ऑस्ट्रेलियाशी करार झाला म्हणून कापसाचे भाव पडले, असे गावात सगळे म्हणतात. ऑगस्ट २०२५ मध्ये परदेशी कापसावरचा कर काढला, तोही त्याच करारामुळे का? आमचे क्विंटलमागे किती गेले?
— कापूस उत्पादक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

भाऊ, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या केल्याशिवाय जाब कोणाला विचारायचा तेच कळणार नाही.

ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. त्यात कापसाला वर्षाला ५१,००० टनांपर्यंत शुल्कमाफी आहे. १७० किलोची गाठ धरली तर या झाल्या ३ लाख गाठी. आपल्या देशाचे पीक साधारण ३०० लाख गाठींच्या घरात असते. म्हणजे शंभरात एक गाठ. एवढ्याने यवतमाळचा बाजार कोसळत नाही.

ऑगस्टमध्ये जे झाले ते कोणत्याही करारामुळे झालेले नाही. २०२१ च्या अर्थसंकल्पात कापसाच्या आयातीवर ५ टक्के मूळ सीमाशुल्क, ५ टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर आणि त्यावरचा अधिभार मिळून ११ टक्के कर लागला होता. २०२२ मध्ये तो एप्रिलपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत माफ होता. १९ ऑगस्ट २०२५ पासून तो पुन्हा माफ झाला, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम २५ खाली सरकार अशी अधिसूचना स्वतःच्या अधिकारात काढते. तिला दुसऱ्या देशाची सही लागत नाही. अमेरिकेने त्याच महिन्यात भारतीय मालावर एकूण ५० टक्के आयात शुल्क लावले होते आणि कापडधंद्याला स्वस्त कच्चा माल हवा होता. त्या धंद्याचा भार कापूस पिकवणाऱ्याच्या अंगावर टाकला गेला, हे आमचे स्पष्ट मत आहे.

आता हिशेब. समजा परदेशी रुई बंदरावर खंडीला ५५,००० रुपयांना पडते. ११ टक्के कर लागला की ती ६१,०५० रुपये होते. फरक ६,०५० रुपयांचा. खंडी ३५६ किलोची, म्हणजे किलोमागे १७ रुपये. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. ३४ गुणिले १७ म्हणजे ५७८ रुपये. क्विंटलमागे जास्तीत जास्त एवढा आधार गेला. प्रत्यक्षात फटका याहून कमी बसतो, कारण प्रत्येक गिरणी बाहेरून माल आणू शकत नाही, जहाजाला वेळ लागतो आणि डॉलरचा दरही हलतो. शिवाय उरलेल्या ६४ किलो सरकीवर या कराचा परिणाम होत नाही, तिचा भाव तेल आणि ढेपेवर ठरतो. म्हणून रुईचा भाव तोच असूनही सरकी उतरली की व्यापारी कापसाचा भाव पाडतो. ‘परदेशी कापूस आला’ असे कारण तुम्हाला सांगितले गेले, तर त्या दिवशीचा सरकीचा भाव विचारा.

खरी चोट वेळेने बसते. पहिला वेचा दसरा-दिवाळीच्या आसपास घरात येतो. मोठी आवक नोव्हेंबर-डिसेंबरची, आणि माफीची मुदत नेमकी त्याच महिन्यांत होती. ज्या गिरणीने बाहेरून तीन महिन्यांचा माल ठरवून ठेवला, ती नोव्हेंबरात आपल्या दारात घाईने येत नाही.

अशा हंगामात हमीभाव हाच एक आधार उरतो. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये जाहीर झाले. सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) माल द्यायचा तर त्या हंगामापासून ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करावी लागते. आधार, सातबारा आणि पेरा यांत तफावत निघाली की नोंदणी अडकते, म्हणून पीकपाहणी वेळेत करून घ्या. ओलाव्याची मर्यादा ८ टक्के आहे. ८ ते १२ च्या मध्ये प्रत्येक टक्क्याला भाव कापला जातो आणि १२ च्या वर माल परत जातो. सकाळी दव असताना वेचलेला कापूस तसाच गाडीत भरला की बहुतेक वेळा इथेच घोटाळा होतो. तो दोन उन्हे पसरून ठेवा. पैशाची नड असेल तर सगळा माल खेडा खरेदीत (गावात येऊन घेणाऱ्या व्यापाऱ्याला) घालू नका, लागेल तेवढाच घाला.

मी जिनिंगमध्ये हंगामी कामगार आहे, घरची मंडळी वेचणीला जाते. परदेशी गाठी आल्या तर आमच्या कामाचे काय? आणि इंग्लंडच्या करारामुळे कापडाचे कारखाने वाढतील म्हणतात, ते खरे का?
— जिनिंग कामगार, हिंगणघाट, जि. वर्धा

परदेशातून येतो तो कापूस नसतो, दाबलेली रुईची गाठ असते. एका गाठीत १७० किलो रुई, म्हणजे सुमारे ५ क्विंटल कापूस. एका बाईने दिवसाला ४० किलो वेचला असे धरले तर ती साडेबारा दिवसांची मजुरी होते. वर रेच्यावरचे (सरकी काढायच्या यंत्रावरचे) काम, प्रेसचे काम, हमाली आणि गाडीभाडे. ही सगळी मजुरी त्या गाठीबरोबर परदेशातच राहते. म्हणून धान्याच्या आयातीपेक्षा गाठींची आयात मजुरांना जास्त लागते.

तरी एक गाठ आली म्हणून इथली एक गाठ लगेच कमी होत नाही. वावरातला कापूस वेचावाच लागतो. पहिल्या वर्षी भाव पडतो. पुढच्या वर्षी शेतकरी कापसाखालची जमीन सोयाबीनकडे वळवतो, आणि सोयाबीन हार्वेस्टरने निघते. वेचणीचे काम जाते ते असे, एक-दोन हंगाम उलटल्यावर. तोवर आयातीची बातमी कोणाच्या लक्षातही नसते.

दुसऱ्या बाजूला सूतगिरणी आणि शिलाईच्या कामगाराला स्वस्त रुई हवीच असते. इंग्लंडशी २४ जुलै २०२५ रोजी करारावर सह्या झाल्या. तिथे भारतीय तयार कपड्यांवर १२ टक्क्यांपर्यंत शुल्क होते, बांगलादेशाच्या कपड्यांना मात्र गरीब देश म्हणून शून्य होते. करार लागू झाला की हा तोटा निघून जातो. यातून शिलाईचे काम वाढू शकते. प्रश्न आहे तो कुठे वाढेल याचा. शिलाईचे मोठे जाळे तिरुपूर आणि बंगळुरूकडे आहे. विदर्भ कापूस पाठवतो आणि मागोमाग पोरेही पाठवतो. अमरावतीजवळ नांदगाव पेठला १,००० एकरांच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. तिथे सूत काढण्यापुरते कारखाने आले तर नोकऱ्या थोड्या मिळतील, कारण सूतगिरणीत माणसे कमी आणि यंत्रे जास्त. शिलाईचे कारखाने आले तरच आपल्या बायापोरींना काम मिळेल. तालुक्याच्या पुढाऱ्याला पार्कबद्दल विचारायचे असेल तर किती कोटी आले ते विचारू नका, शिलाईची किती यंत्रे बसली ते विचारा.

बदली काम मिळेपर्यंत सरकार काही देते का, असेही तुम्ही पत्रात विचारले आहे. आयातीमुळे काम गेले म्हणून वेगळी मदत देणारी योजना आपल्याकडे नाही. जिनिंगमध्ये भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर १२ आकडी यूएएन स्वतःकडे लिहून ठेवा आणि पुढच्या मालकाला तोच द्या. हंगामी कामगार दरवर्षी नवा क्रमांक घेतात, मग आधीची वर्षे जोडली जात नाहीत आणि १० वर्षांनी मिळणारे पेन्शन हातचे जाते.

ऑस्ट्रेलियाचा संत्रा आता निम्म्या करात येतो. आमच्या बागा तोडायच्या का?
— संत्रा बागायतदार, वरुड, जि. अमरावती

बागा तोडू नका, निदान या कारणासाठी तरी नाही. त्या करारात संत्रावर्गीय फळांना वर्षाला १३,७०० टनांपर्यंतच सवलत आहे. तेवढ्या मालावर ३० ऐवजी १५ टक्के शुल्क लागते. तिथला हंगाम आपल्या उलटा, साधारण मे ते ऑक्टोबर. आपला आंबिया बहार भरात येतो तोवर त्यांचा माल संपत आलेला असतो, आणि मृग बहार फेब्रुवारीनंतरचा. शिवाय ते फळ मॉलच्या भावात विकले जाते, हातगाडीवर येत नाही.

वरुड-मोर्शीचे कंबरडे मोडले ते बांगलादेशाने. नागपुरी संत्र्याचे ते सर्वांत मोठे परदेशी गिऱ्हाईक. २०१९ पासून त्यांनी आयातीवरचा कर पायरीपायरीने चढवत नेला, आणि इथून जाणारे ट्रक कमी झाले. आता हे पाहा: भारत आणि बांगलादेश दोघेही २००६ पासून दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारात आहेत, आणि २०११ पासून आपण त्यांच्या तयार कपड्यांना शून्य शुल्काने येऊ देतो. तरी संत्र्यावर कर कसा? कारण करारातल्या प्रत्येक देशाला काही वस्तू सवलतीबाहेर ठेवता येतात, आणि मूळ सीमाशुल्काशिवाय इतर नावांनी कर लावता येतो. ‘मुक्त’ हा शब्द करारावर असतो, प्रत्येक मालावर नसतो. तुमची मागणी एका ओळीत मांडता येते: कपड्याला जे दिले त्याच्या बदल्यात संत्र्याला सूट मागा. बांगलादेश २४ नोव्हेंबर २०२६ ला अतिगरीब देशांच्या यादीतून बाहेर पडायचा आहे. त्याला भारताशी नव्याने बोलावे लागेल, म्हणून हे मागायची वेळ आताच आहे.

ट्रक थांबला की बागायतदाराआधी कोटिंग सेंटरवरच्या (फळाला मेण लावायच्या जागेवरच्या) निवड करणाऱ्या बाया, पेटी ठोकणारे आणि हमाल बसून राहतात, हेही निवेदनात लिहा.

सोयाबीन आणि तूर, दोन्ही पडेल भावात गेले. हे कोणत्या करारामुळे?
— शेतकरी, मंगरुळपीर, जि. वाशीम

तुरीचे थोडक्यात सांगतो. मे २०२१ पासून तुरीची आयात खुली आहे. मोझांबिकशी २०१६ मध्ये वर्षाला २ लाख टनांपर्यंतचा समझोता झाला, पुढे म्यानमार आणि मलावीशीही झाले. हे मुक्त व्यापार करार नव्हेत, डाळ महागू नये म्हणून सरकारने केलेली सोय आहे. बोलायचे ते केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याशी.

सोयाबीनचे कोडे मोठे आहे. क्विंटलभर दाण्यातून जेमतेम १८ किलो तेल निघते, बाकी ८० किलोच्या आसपास पेंड. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचा एकूण कर २७.५ टक्के केला, सगळ्यांना वाटले भाव उठणार. पण मक्यापासून इथेनॉल करताना उरणारा चोथा कोंबडीखाद्यात स्वस्तात मिळू लागला आणि पेंडीला उठाव राहिला नाही. तेल चढले तरी दाणा पडून राहिला. मे २०२५ अखेर तो कर १६.५ टक्क्यांवर आणला. हीही अधिसूचनाच.

करारातली फट नेपाळच्या बाजूने आहे. नेपाळहून तेल शून्य शुल्काने येते. तिथे एवढे सोयाबीन पिकत नाही. बाहेरचे कच्चे तेल आणायचे, शुद्ध करायचे आणि इकडे धाडायचे, असा तो धंदा. हे अडवायला प्रत्येक करारात ‘मूळ देशाचा नियम’ असतो, म्हणजे त्या देशात मालावर किती काम झाले, किती मोल वाढले, हे प्रमाणपत्राने दाखवायचे. २१ सप्टेंबर २०२० पासून ते तपासण्याची जबाबदारी आयातदारावरही आहे. नियम कागदावर चांगला आहे, पण तपासणी ढिली पडली की वाशीमच्या बाजार समितीत भाव उतरतो.

मेक्सिकोचे शेतकरी करारामुळे अमेरिकेत मजुरीला गेले असे वर्गात शिकवले. आपल्याकडेही तसेच होईल का?
— बी.ए.ची विद्यार्थिनी, पुसद, जि. यवतमाळ

ताई, ही गोष्ट अर्धीच सांगितली जाते.

अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचा करार १ जानेवारी १९९४ ला लागू झाला. मक्यावरचे संरक्षण १५ वर्षांत हळूहळू काढायचे होते. पण मेक्सिको सरकारने ठरलेल्या मर्यादेबाहेर आलेल्या मक्यावरही शुल्क वसूल केले नाही, म्हणजे १५ वर्षांची उसंत कागदावरच राहिली. समोर होता अनुदानावर पिकलेला अमेरिकन मका. आदल्या काळात, १९९२ मध्ये, गावाच्या सामाईक जमिनी विकता येतील अशी घटनादुरुस्तीही झाली होती. करार लागू झाल्याच्याच दिवशी मेक्सिकोतल्या चियापासच्या आदिवासी शेतकऱ्यांनी उठाव केला. त्याच वर्षी डिसेंबरात मेक्सिकोचे चलन कोसळले आणि घेतलेली कर्जे आवाक्याबाहेर गेली.

कारखाने आले, पण उत्तर सीमेवर. मका बुडाला दक्षिणेत. काम गेले त्या गावात नवे काम आले नाही, म्हणून माणूस निघाला, आणि सीमेवरच्या कारखान्यापाशी पोचल्यावर पलीकडची मजुरी कितीतरी पट दिसली. अमेरिकेतले मेक्सिकोत जन्मलेले लोक १९९० मध्ये सुमारे ४३ लाख होते, २००७ पर्यंत ते सव्वा कोटीच्या पुढे गेले. हे सगळे एकट्या कराराने झाले असे म्हणणे चूक ठरेल. चलनाची घसरण, अमेरिकेतली मजुरांची मागणी आणि आधी गेलेले नातेवाईक हीही कारणे होती. पण करार झाला की स्थलांतर थांबेल, असे तेव्हा दोन्ही सरकारे सांगत होती, आणि घडले उलटे.

अमेरिकेतही कारखाने बंद पडलेल्या गावांचा राग साठला. आयातीने काम गेलेल्यांना प्रशिक्षण आणि भत्ता देणारी योजना तिथे १९६२ पासून होती, पण ती थोड्यांपर्यंत पोचायची, आणि जुलै २०२२ पासून नवे अर्ज मंजूर होणे थांबले. २०१६ च्या निवडणुकीत त्याच रागावर मते मागितली गेली. नवा करार १ जुलै २०२० ला आला. त्यात मोटारीचा ४० ते ४५ टक्के भाग तासाला किमान १६ डॉलर मजुरी मिळणाऱ्या कामगारांनी केलेला असला पाहिजे, अशी अट आहे. मजुरीचा आकडा करारात लिहिता येतो याचा हा पुरावा आहे. भारताने अशा अटींना वर्षानुवर्षे विरोध केला, कारण श्रीमंत देश त्यांचा वापर आपला माल अडवायला करतील ही भीती. ती खोटी नाही. तरी कापूस वेचणाऱ्या बाईचा विचार कराराच्या मजकुरात कुठेच नसावा, हे आम्हाला पटत नाही.

आपल्याकडे शेत तुटलेला माणूस सीमा ओलांडत नाही. तो पुण्याच्या चाकणला, सुरतेला, नाहीतर तेलंगणात जातो. मेक्सिकोकडून घ्यायचा धडा जागेचा आहे: पीक बुडेल त्या जिल्ह्यात काम आले की नाही, ते मोजा.

दुबईशी करार झाला आहे, आता मजुरांना व्हिसा सोपा झाला, असे सांगून एक एजंट दीड लाख मागतो. द्यावे का? मी नववी शिकलो आहे.
— मिरची तोडणीला तेलंगणात जाणारा मजूर, सिरोंचा, जि. गडचिरोली

एक रुपयाही देऊ नका. संयुक्त अरब अमिरातीशी झालेला करार १ मे २०२२ पासून लागू आहे, पण तो मालावरच्या शुल्काचा आणि सेवांचा आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या सेवाविषयक करारात स्पष्ट लिहिले आहे की दुसऱ्या देशाच्या नोकरीच्या बाजारात शिरणाऱ्या माणसांना तो लागू नाही. बाकीचे करारही त्याच साच्याचे. सोय होते ती कंपनीने पाठवलेल्या कर्मचाऱ्यांची आणि व्यावसायिकांची. इंग्लंडच्या करारातली तीन वर्षांची सामाजिक सुरक्षा वर्गणीची माफी अशाच लोकांसाठी आहे.

दहावी पास नसल्याने तुमच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ शेरा असेल. आखाती देशांसह १८ देशांत कामाला जायचे तर तुम्हाला शासनाची मंजुरी लागते. ती ई-मायग्रेट पोर्टलवर मिळते. आधी एजंटचा परवाना क्रमांक त्याच पोर्टलवर तपासा. ‘मोठ्या एजंटचा माणूस’ म्हणून गावोगाव फिरणाऱ्याला परवाना नसतो. परवानाधारकाला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात, तेही पावती देऊन. पगार, कामाचे तास, राहणे-खाणे आणि परतीचे तिकीट लिहिलेला करारनामा निघण्याआधी हातात घ्या आणि एक प्रत घरी ठेवा. प्रवासी भारतीय विमा योजनेचा हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाखांचे संरक्षण. पर्यटक व्हिसावर चढवून ‘तिथे गेल्यावर बदलून देऊ’ म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नका. तिथे मालक बदलला, पगार कमी दिला, तरी पोर्टलवर तुमची नोंदच नसते आणि दूतावासाला तुमच्यासाठी भांडणे कठीण जाते.

हे करार मंजूर कोण करते? आमचा खासदार विरोधात मत देऊ शकतो का? ग्रामसभेने ठराव करून काही उपयोग?
— माजी सरपंच, दर्यापूर, जि. अमरावती

परदेशाशी करार करणे हा केंद्र सूचीतला विषय, नोंद १४. शेती हा राज्य सूचीतला विषय, तिथेही नोंद १४ च. पण कलम २५३ मुळे करार अमलात आणायला संसद राज्याच्या विषयावरही कायदा करू शकते. सही करण्याआधी संसदेचे मत घेणे बंधनकारक नाही. म्हणजे खासदाराला मतदानाची वेळच येत नाही. तो प्रश्न विचारू शकतो आणि वाणिज्यविषयक स्थायी समितीपुढे निवेदन नेऊ शकतो.

विदर्भात या विषयावर दोन मते जुनी आहेत. शरद जोशींनी डंकेल प्रस्तावाच्या (ज्यातून जागतिक व्यापार संघटना उभी राहिली त्या मसुद्याच्या) काळातही खुल्या बाजाराची बाजू घेतली, कारण त्यांच्या मते सरकारच शेतकऱ्याचा भाव पाडत होते. दुसऱ्या बाजूने अनुदानावर पिकलेल्या परदेशी मालापुढे आपला टिकाव लागणार नाही असे म्हटले गेले. वर दिलेल्या उत्तरांत दोघांचेही थोडे थोडे खरे ठरलेले दिसेल.

दबावाचा उपयोग होतो, पण वेळेत आला तर. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये भारत आरसेप या आशिया-प्रशांत देशांच्या व्यापार करारातून बाहेर पडला, त्यामागे दूधसंघ, शेतकरी संघटना आणि कारखानदार एकाच वेळी ओरडत होते हे एक मोठे कारण. इंग्लंडच्या करारातही दूध बाहेर ठेवले गेले. कापूस आणि संत्र्यामागे दूधसंघांसारखी एकसंध संघटना नाही.

ग्रामसभेच्या ठरावाला कायद्याचे बळ नाही, तरी तो नीट लिहिला तर वाचला जातो. ‘शेतकरीविरोधी करार रद्द करा’ एवढेच लिहू नका. मालाचा सीमाशुल्क क्रमांक लिहा: कापूस ५२०१, संत्रावर्गीय फळे ०८०५, सोयाबीन १२०१, सोयाबीन तेल १५०७, पेंड २३०४. हवे काय तेही लिहा, सवलतीतून वगळणे, कोट्याची मर्यादा, की आवकीच्या महिन्यांत सवलत बंद. आयात फार स्वस्तात ओतली जात असेल तर व्यापार उपाय महासंचालनालयाकडे अर्ज करता येतो, पण त्याला देशातल्या किमान २५ टक्के उत्पादनाचा पाठिंबा दाखवावा लागतो. विखुरलेले शेतकरी इथेच अडतात, म्हणून हे काम पणन महासंघाच्या किंवा उत्पादक कंपन्यांच्या संघामार्फत न्या. ठरावाची एक प्रत केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाला, एक खासदाराला, एक राज्याच्या पणन विभागाला द्या, आणि तीही वाटाघाटी चालू असतानाच. सह्या झाल्यावर सूचीतली एक ओळ बदलायलाही दोन्ही देशांची संमती लागते.